सायाळीच्या मुलुखांत

चांदा फोर्ट हें स्थानक अजून जुनें नांव धरून आहे. शहराचें चंद्रपूर होऊन कैक वर्षें लोटलीं, परंतु गोंदियाकडे जाणारी आगगाडी जेथें थांबते त्या स्थानकाच्या पाटीवर गोंड राजांचा चांदा आहे तसाच आहे. मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं ह्या गाडीनें मी मूलकडे निघालों. शहराची धूळ व विद्युत्केंद्राचीं धुरांडीं मागें पडलीं कीं लवकरच सागाचें रान लागतें. ह्याच रानाच्या उत्तरेकडील भागास ताडोबा म्हणतात. १९५५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें व १९९५ सालीं अंधारीचें अभयारण्य त्यास जोडून व्याघ्रप्रकल्प झाला, हें वाचकांस ठाऊक असेलच. डब्यांतील मंडळी मात्र वाघाविषयीं फारशी बोलत नव्हती. कोणाच्या शेतांत रानडुकरांनीं किती धान तुडविला, हीच चर्चा चालली होती.

मूलच्या पूर्वेस सावलीच्या वाटेवर एका लहानशा गांवीं आमचे मावसबंधु नाना राहतात. सारा मुलूख धानाचा. बांध्यांतून कापणी उरकली होती, ठिकठिकाणीं पुंजणे रचलेले होते, आणि ओल धरलेल्या जमिनींत लाखोळी हिरवी होऊं लागली होती. दर गांवाला एक मालगुजारी तलाव. त्यास इकडे ‘मामा तलाव’ असें लडिवाळ नांव आहे. पुण्यामुंबईस आवडीनें खाल्ला जाणारा एच.एम.टी. तांदूळ ह्याच जिल्ह्यांतला, नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्यानें निवडून काढलेला. दादाजी २०१८ सालीं वारले. भाताचें ताट पुढें आलें म्हणजे त्यांचें नांव घ्यावें, असें मला वाटतें.

नानांचें घर मोठें. चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक. त्यांत सव्वा वर्षाचा एक नातू. तो नुकता पाऊल टाकूं लागलेला असल्यामुळें घरांतील प्रत्येक वस्तु एक हात उंच सरकलेली होती. अंगणांत दोन कुत्रीं होतीं. एक वाघ्या, गांवठी, तांबूस रंगाचा, कान उभे, शेपटी वळलेली. तो आपण होऊन आला व राहिला. दुसरा ब्रूनो, रॉटवायलर जातीचा, काळा कुळकुळीत, वजनानें सव्वा मणाच्या आंत नसेल. धाकट्या पुतण्यानें दीड वर्षापूर्वीं तो पिलू असतांना नागपुराहून आणला. रानडुकरांपासून शेत राखावें व रात्रीं बिबट्या अंगणांत येऊं नये, हा त्याचा हेतु. हेतु वाईट नव्हे. डुकरांसाठीं तारेंत वीज सोडण्याचा जो आत्मघातकी प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो त्याहून कुत्रें पाळणें केव्हांही बरें.

परंतु ह्या ब्रूनोवरून घरांत दोन तट पडले होते. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें राज्यांस एक पत्र पाठविलें. पिटबुल, तोसा, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी, आणि जीं पाळलेलीं आहेत त्यांची प्रजा वाढूं देऊं नये, असा त्याचा आशय होता. नानांनीं तें कात्रण पंचांगांत जपून ठेविलें होतें. पुतण्यापाशीं दुसरें कात्रण होतें. एप्रिल २०२४ मध्यें कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें तें पत्रक रद्द केलें, कारण ज्यांचा ह्यांत संबंध त्यांचें म्हणणें सरकारनें ऐकूनच घेतलें नव्हतें. मी पोहोंचलों त्या दिवशीं दोन्ही कात्रणें माझ्यापुढें मांडण्यांत आलीं व मास्तर म्हणून माझा निकाल मागण्यांत आला. मीं चहा मागितला.

दुसऱ्या रात्रीं शेजारच्या गांवीं नाटक होतें. ह्या बाजूस हिवाळ्यांत झाडीपट्टीचीं नाटकें होतात. पडदा रात्रीं उशिरां वर जातो आणि पहांटे खालीं येतो. वडसा हें ह्या मंडळ्यांचें माहेरघर. घरांतील तरुण मंडळी सगळी नाटकास गेली. घरीं आम्ही दोघे म्हातारे, वहिनी, धाकटी सून व तें मूल. दोन वाजण्याच्या सुमारास वाडीकडून कुत्र्यांचा गलका उठला. तेथें रताळीं लावलेलीं होतीं. भुंकण्याच्या मधून मधून एक चमत्कारिक आवाज येत होता, जणूं कोणी वाळल्या शेंगांची जुडी हलवीत आहे. मग एकच कर्कश किंकाळी, आणि सारें शांत.

थोड्या वेळानें ब्रूनो पायऱ्यांशीं आला. बॅटरीच्या उजेडांत पाहिलें तों त्याचें तोंड ओळखूं येईना. नाकपुडीवर, ओठांत, जिभेखालीं, गळ्याखालीं काळेपांढरे काटे उभे होते. एक छातींत पार रुतलेला. तो पंजानें तोंड घासूं लागला कीं काटे मोडत व मोडलेलीं टोकें मांसांत राहत. वाघ्याच्या खांद्यांत तीन काटे होते. पुतण्यास दूरध्वनि लावून पाहिला. नाटकाच्या गजरांत त्यास ऐकूं जाणें शक्यच नव्हतें.

येथें माझ्या हातून मूर्खपणा घडला. लहान दुखणें आधीं उरकावें म्हणून मीं चुलीपाशील सांडशी घेतली व वाघ्याच्या खांद्यांतील काटा उपटूं लागलों. पहिल्याच हिसड्यास त्या गरीब प्राण्यानें वळून माझें मनगट फोडलें. ज्याच्या पाठीवर घरचीं मुलें बसतात तो वाघ्या! दोष त्याचा नव्हे. भूल दिल्यावांचून असले काटे ओढूं नयेत, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. वहिनींनीं मला मोरीवर बसवून साबण व वाहतें पाणी घेऊन पंधरा मिनिटें जखम धुवावयास लाविली. घड्याळ घेऊन त्या स्वतः उभ्या होत्या. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं ह्या धुण्यानेंच अर्धें काम झालें.

इकडे ब्रूनोनें तोंड घासूं नये म्हणून कोणीतरी त्याचे पंजे धरणें अवश्य होतें. नानांनीं दीड वर्षांत त्या कुत्र्यास बोट लावलें नव्हतें. ते खालीं बसले, त्याचें डोकें त्यांनीं मांडीवर घेतलें आणि पहांटेपर्यंत त्याचे पंजे दोन्ही हातांनीं धरून ठेविले. धोतर रक्तानें भिजलें. तोंडानें त्यांचें चाललेंच होतें, “मीं सांगितलें होतें, नको म्हणून. आतां भोग.” कुत्रें कण्हत होतें, थरथरत होतें, एकदां त्यानें नानांचा मनगटाजवळचा हात तोंडांत धरला, आणि सोडून दिला. दांतांचे वळ उमटले. कातडी फुटली नाहीं. मीं हें समोर बसून पाहिलें आहे.

उजाडतां उजाडतां मंडळी परतली, व सकाळीं मूलहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनीं टोचून ब्रूनोस निजविलें आणि एकेक काटा त्याच्याच रेषेंत सरळ ओढून काढला. वांकडा ओढला तर मोडतो, व काट्याचें वरचें टोंक कापलें तर हवा जाऊन तो सैल होतो ही समजूत खोटी, असें ते काम करतां करतां सांगत होते. अमेरिकेंतील साळिंदराच्या काट्यांस सूक्ष्म आंकडे असतात व ते आपोआप आंत आंत सरकतात; आपल्याकडील काटा गुळगुळीत, परंतु जाड व टणक असल्यामुळें भाल्यासारखा खोल जातो. छातींतला त्यांनीं शेवटीं काढला, श्वास ऐकत ऐकत. फुप्फुस बोटभर दूर राहिलें होतें. एकंदर एकतीस काटे निघाले. ते त्यांनीं कागदांत बांधून ओसरीवर ठेवले, त्याबरोबर वहिनी आंतून म्हणाल्या, “ते आधीं घराबाहेर न्या. सायाळीचा काटा घरांत असला कीं घरांत भांडणें होतात.” भांडण त्या काट्यांच्या आधींपासून चाललें होतें, हें बोलून दाखविण्याचें धैर्य आम्हां कोणासच झालें नाहीं.

ह्या प्राण्यास देशावर साळिंदर म्हणतात, कोंकणांत साळू, इकडे सायाळ. संस्कृतांत त्याचें जें नांव आहे त्याकडे वर्गांत कितीतरी वेळां शिकवूनही माझें लक्ष गेलें नव्हतें. अमरकोशांत तें ‘श्वाविध्’ असें आहे. श्वन् म्हणजे कुत्रा आणि व्यध् म्हणजे वेध करणें; कुत्र्यास विंधणारा तो श्वाविध्. त्या रात्रीं ओसरीवर जें घडलें तें पूर्वजांच्या अंगणांत इतक्या वेळां घडलें असलें पाहिजे कीं जनावराचें नांवच त्यावरून पडलें. काट्यासाठींही कोशांत शलली, शलल, शल असे वेगळे शब्द आहेत. वहिनी ज्या काट्यास घरांत घेईनात तोच काटा गृह्यसूत्रांनीं सीमंतोन्नयनास सांगितला आहे. तीन ठिकाणीं पांढरी असलेली शलली घेऊन पतीनें गर्भवती पत्नीचा भांग पाडावयाचा. आमच्या लहानपणीं उपाध्यायांच्या पोतडींत असा एक काटा असे. आम्ही मुलें तो दौतींत बुडवून लिहूं पाहत असूं. वाली मरतांना रामचंद्रास पांच भक्ष्य पंचनखी प्राणी मोजून दाखवितो, त्यांतही ही सायाळ आहे. आणि वारणावतास निघालेल्या युधिष्ठिराला विदुर गूढ भाषेंत जो उपदेश करतो त्यांत श्वाविधाच्या बिळाचा आश्रय करणारा अग्नींतून सुटतो असें आहे. पांडवांनीं लाक्षागृहाखालीं भुयार खणलें तें ह्या खुणेवरून. सायाळीच्या बिळास अनेक तोंडें असतात हें व्यासांस माहीत होतें.

तेवढें खरें, परंतु जुन्यांस सगळेंच खरें माहीत होतें असें नव्हे. सायाळ काटे बाणासारखे फेंकते ही समजूत आपल्याकडे आहे, आणि ग्रीकांचा आरिस्टॉटलही तेंच लिहून गेला. काटे फेंकले जात नाहींत. ते केसांचेंच रूपांतर. सैल बसलेले असल्यामुळें लागले कीं सुटून येतात. संकट आलें कीं ती प्रथम काटे फुलविते, मग शेपटीवरील पोकळ काटे खुळखुळविते. ही तिची नोटीस. ती मानली नाहीं तर पाठ फिरवून एकदम मागें धांवते. मानेवरचे लांबलचक काटे दिसावयास भयंकर, परंतु खरीं शस्त्रें म्हणजे पाठीच्या मागील बाजूचे आंखूड, जाड काटे. नानांकडे धानाची राखण करणारे एक गोंड वृद्ध आहेत, त्यांनीं हें एका वाक्यांत सांगितलें. “सायाळ पाठ दाखवते, पन ते पळत नाही जी. कुत्रा समजते का आता पळाली, अन् तिथंच फसते.” अनुभवी कुत्रें काटे वाजले कीं थांबून भुंकतें, असें ते म्हणाले, परंतु बहुतेक कुत्रीं आयुष्यांत एकदां काटे खाऊनही शिकत नाहींत. वाघही फसतात. कुमाऊंतील मुक्तेसरची नरभक्षक वाघीण सायाळीशींच झुंजली होती. तिचा एक डोळा गेला व पुढच्या पायांत पन्नासाच्या आसपास काटे रुतून बसले, आणि शिकार जमेनाशी झाल्यावर ती माणसांकडे वळली, असें जिम कॉर्बेट लिहितो.

आतां माझ्या मनगटाविषयीं. वाघ्यास लस टोचलेली होती, तरी डॉक्टर ऐकेनात. मूलच्या सरकारी रुग्णालयांत पहिली लस घेतली. रक्त आलें होतें म्हणून जखमेंत सिरमही दिलें. पुढील लसी तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं. माझ्या प्रवासाचा कार्यक्रम असा एका कुत्र्यानें आंखून दिला. ज्या वाचकांचा असा समज असेल कीं घरचें कुत्रें चावलें तर हळद दाबून भागतें, त्यांनीं तो सोडावा. पिसाळल्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर माणूस वांचण्याची आशा जवळजवळ नसतेच. लक्षणांपूर्वीं मात्र लस खात्रीची आहे. १८८५ च्या जुलईंत पाश्चरनें एका नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचली तेव्हांपासूनचा हा अनुभव आहे.

तिसऱ्या दिवसाची लस गडचिरोलीस घेतली. वैनगंगा ओलांडली कीं हा जिल्हा लागतो. १९८२ च्या ऑगस्टांत तो चांद्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याचा बहुतेक भाग अजून रानानें झांकलेला आहे. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथील शिवालयांचा समूह पाहिला. भिंतींवरील मूर्तींची दाटी इतकी कीं उभें राहण्यास देवांनींच एकमेकांस जागा करून दिली आहे असें वाटतें. वस्तुतः ह्या देवळांवर स्वतंत्र लेख लिहावयास हवा, म्हणून येथें आवरतों. आलापल्लीचा जुना सागही धांवत्या मोटारींतूनच पाहिला.

भामरागडाच्या वाटेवर हेमलकसा येथें एक दिवस राहिलों. डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे १९७३ सालीं ह्या माडियांच्या मुलुखांत आले, तेव्हां येथें दवाखाना नव्हता व रस्ताही नव्हता. शिकारींत मारलेल्या माकडिणीच्या अंगास बिलगलेलें जिवंत पिलू पाहून डॉक्टरांनीं तें मागून घेतलें, आणि तेथून अनाथ वन्य प्राण्यांचा सांभाळ सुरू झाला. बिबटे, अस्वलें, तरस, सारीं येथें माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलीं. पाहणाऱ्याच्या मनांत सहज येतें कीं मग जातीचा स्वभाव म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? मात्र येथें मायेबरोबर पिंजराही आहे, हें मीं नीट पाहून ठेविलें.

वाटेवरच्या पाड्यांतून कुत्रीं पुष्कळ दिसलीं. सडपातळ, तांबूस, वाघ्याचींच भावंडें. साखळी कोणाच्याच गळ्यांत नाहीं. त्यांचा खरा शत्रु सायाळ नव्हे, बिबट्या. नगर जिल्ह्यांत अकोल्याच्या बाजूस बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यांत वजनाच्या हिशेबानें शेंकडा ३९ भाग पाळीव कुत्र्यांचाच निघाला. हिमालयांत मेंढपाळ आपल्या भोटिया कुत्र्याच्या गळ्यांत खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात; सायाळीची युक्ति माणसानें कुत्र्यास उसनी दिली आहे असें म्हणावें. उलट बाजूनें कुत्र्यांचाही जंगलास उपद्रव होतो. १९९४ सालीं आफ्रिकेंत सेरेंगेटीचे सुमारें एक तृतीयांश सिंह कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानें मेले, व २०१८ सालीं गीरमध्येंही त्याच रोगानें सिंह दगावले. म्हणून रानाशेजारच्या गांवांतील कुत्र्यांस लस टोचणें हा वाघांच्या रक्षणाचाच भाग आहे.

सातव्या दिवशीं परत मूलला आलों आणि मला टाळतां न आलेली चर्चा पुन्हां उभी राहिली. पुतण्याची तयारी चांगली होती. २०२२ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका कुत्र्याच्या व दुसऱ्याच्या वर्तनांत जो फरक असतो त्यांतला सुमारें नऊ टक्केच जातीनें समजतो, असें तींत आहे. हॉलंडनें १९९३ सालीं पिटबुलवर बंदी घातली, व चावण्याचे प्रकार कमी झाले नाहींत म्हणून २००८ सालीं उठविली. रॉटवायलर हें तर जर्मनींतील रॉटवाइल गांवच्या खाटकांचें गुरें हांकणारें व गाडी ओढणारें कुत्रें. “आणि काका, तुम्हांला चावला कोण?” त्यानें शेवटचा बाण सोडला.

नाना शांतपणें म्हणाले, “ब्रिटननें १९९१ सालीं चार जाती बंद केल्या, आणि नुकतीच पांचवी घातली. ते काय वेडे आहेत? अरे, तुझ्या नऊ टक्क्यांत वृत्ति मोजली आहे, जबडा मोजला आहे काय? वाघ्या चावला तर मास्तर मूलला जाऊन लस घेतात. हा एकदांच, चुकून, त्या पोराला चावला तर?” मग थोडें थांबून, “त्या रात्रीं त्यानें माझा हात सोडला, हें मी नाकारीत नाहीं. पण सोडला म्हणून मला समजलें कीं तो तोंडांत कसा होता.”

मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि जातींची यादी करून मोकळें होणारें सरकार मला आळशी वाटतें. पिटबुलासारखी जात माणसानेंच बैलांवर सोडण्याच्या खेळांतून घडविली. इंग्लंडांत तो खेळ १८३५ सालीं बंद झाला, तेव्हां लोकांनीं कुत्र्यांस एकमेकांवर सोडलें. ज्यानें घडविलें त्याच्यावर कांहींच बंधन नको आणि कुत्र्यावर मात्र हवें, हें न्यायशास्त्रांत बसत नाहीं. परंतु ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें नानांच्या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें, पुतण्यापाशींही नव्हतें. धाकटी सून इतका वेळ दाराशीं उभी होती. ती म्हणाली, “नाना, मला कुत्र्याची भीति वाटत नाहीं. सगळे नाटकाला जातात आणि दार उघडें राहतें, त्याची वाटते.” ती बोलल्यावर कात्रणें पुन्हां कोणी काढलीं नाहींत.

ठरलें तें असें. ब्रूनो राहावयाचा, परंतु गोठ्यामागें जाळीचें घर बांधून. मूल अंगणांत असतांना तो मोकळा सुटावयाचा नाहीं. दिवसाकांठीं दोन वेळां पुतण्यानें स्वतः त्यास दोरीनें हिंडवावयाचें, आणि रात्रीं वाडीकडे कोणतेंच कुत्रें जाऊं द्यावयाचें नाहीं. रताळीं सायाळीनें खाल्लीं तर खाल्लीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तिला मारणें गुन्हा आहे, व रताळ्यांपेक्षां डॉक्टरांची फी जड. पुतण्यानें मान्य केलें, पण त्याचें तोंड उतरलेलें होतें. शेत राखण्यास आणलेलें कुत्रें रात्रीं कोंडावयाचें, तर राखणीचें काय, ह्याचें उत्तर कोणीच दिलें नाहीं.

अठ्ठाविसाव्या दिवशीं शेवटची लस घेऊन रात्रीं नानांकडेच मुक्काम केला. ब्रूनोच्या नाकावरील व्रण भरले होते. ओठांत राहिलेलें एक टोंक मधल्या दिवसांत आपोआप बाहेर पडलें, असें समजलें. वाघ्या माझ्यापाशीं येऊन शेपटी हालवूं लागला, जणूं कांहीं झालेंच नव्हतें. निजानीज झाल्यावर नाना हातांत बॅटरी घेऊन गोठ्यामागें निघाले; मीही बरोबर गेलों. दोन्ही कुत्रीं जाळीच्या आंत वाडीकडे तोंड करून उभीं होतीं, कान टवकारून. अंधारांतून वाळल्या शेंगांची खुळखुळ ऐकूं येत होती. नानांनीं वरची कडी लाविली, खालची लाविली, आणि वरची पुन्हां एकदां चांचपून पाहिली.